नोटरीकडे ठेवलेला कोड

दूध संघासाठी नवा प्रोग्राम घेताना संघाच्या वतीने मिर्ताने एकच अट घातली. त्याचा सोर्स कोड नोटरीकडे ठेवायचा, दरवर्षीची फी संघ भरेल, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्या एदिसनचं काही बरंवाईट झालं तर नोटरी तो संघाला देईल.

एदिसनला ते लागलं. "मला मारायलाच निघालात की, मिर्ताबाई! अख्ख्या सान होसेत असं कुणी मागितलं नाही. आपलं सगळं शब्दावर चालतं."

"माझ्या बाबांचंही शब्दावरच चालायचं. संघाचा जुना प्रोग्राम त्यांनीच लिहिला होता."

"मी अजून चाळिशीत आहे. फुकट जाईल तुमची फी."

"फुकटच जाऊ दे रे बाबा."

तरी तो सही करेना. "संघाची एवढी काळजी?"

"संघाची नाही. तुझ्या लेकीला, आब्रिलला, तुझ्या कामातलं काय कळतं?"

"काय कळणार? नऊ वर्षांची आहे."

मिर्ताने पेन त्याच्या हातात दिलं. "बाबांच्या शवपेटीशेजारी मी बसले होते. लोक यायचे, मला जवळ घ्यायचे, आणि तसंच धरून हळूच कानात विचारायचे, 'कोड कुठे ठेवलाय गं त्यांनी?'"