डोळ्याचा पाठ

“मॅडम, चित्र अजून अंधुकच दिसून राह्यलं,” धम्मदीप सर तिसऱ्यांदा म्हणाले.

अकीलाने प्रोजेक्टरचे भिंग पुन्हा किंचित फिरवले. पडद्यावर मानवी नेत्राचे भव्य चित्र होते. तिला त्यातील पापणीचा केस न् केस वेगळा दिसत होता. “सर, एकदम साफ आहे. आता भिंगाला हात लावू नका.”

“मास्तर, पगार सुरू व्हाच्या आधीच म्हातारे झाले काय तुमी?” मुख्याध्यापक भगवानराव दारातून म्हणाले. सारे हसले. सरही हसले आणि त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

झरी जामणीच्या वाटेवरची ती विनाअनुदानित शाळा. तेथील शिक्षकांनी अकरा वर्षे वेतनाविना विद्यादान केले होते. आज अनुदानासाठी तपासणी समिती आली होती. इमारत पाहून झाली होती. प्रत्येक शिक्षकाला विचारून झाले होते, “दुसरीकडे कुठे काम करता काय?” प्रत्येकाने ‘नाही’ म्हटले होते. तो प्रश्न नियमात होता. अकरा वर्षे बिनपगारी माणूस काय खातो, हा प्रश्न नियमात नव्हता.

आता नव्या साधनांच्या साहाय्याने एक पाठ घेऊन दाखवायचा, एवढेच उरले होते.

शिक्षकांना ही साधने हाताळायला शिकवण्यासाठी अकीला दर शनिवारी पांढरकवड्याहून येत असे. इतर शिक्षक लांबूनच पाहत. “आमच्या हातून जळलं बिळलं तं भरून कोण देईन?” असे म्हणत. धम्मदीप सर मात्र हात धुऊन, कोरडे करून मगच यंत्राला स्पर्श करीत. “पडद्याकडे पाहून शिकवू नका, मुलांकडे पाहून शिकवा,” असे तिने त्यांना सांगितले होते. त्यांनी सगळ्या चित्रांचा क्रम सकाळच्या वंदनेसारखा मुखोद्गत केला होता.

समिती मागच्या बाकांवर बसली. खिडक्यांवर पोती सोडली गेली. वर्गात अंधार झाला.

सरांनी पडद्याकडे पाठ केली आणि पाठाला आरंभ केला. वाणी शांत होती. प्रत्येक शब्दाला योग्य चित्र येत होते. समितीचे अध्यक्ष पुढे झुकून ऐकू लागले. अकीलाला धन्यता वाटली.

“उजेडात डोळ्याची बाहुली लहान होते, अंधारात मोठी होते,” सर म्हणाले. “आता शेजाऱ्याच्या डोळ्यात पाहा.”

मुले एकमेकांच्या डोळ्यांत पाहू लागली. खसखस पिकली. “सर, याची तं केवढी मोठी झाली!” पहिल्या बाकावरच्या प्रियंकाची जोडीदारीण आली नव्हती. ती सरांच्याच डोळ्यांत पाहत होती.

“सर, तुमची काहून नाही झाली मोठी? मोहरीच्या दाण्याएवढीच आहे.”

वर्ग हसला. अध्यक्षही हसले. “परीक्षा म्हटली की शिक्षकही भितो, बाळ.”

अकीला हसली नाही. ती यंत्राजवळून दोन पावले पुढे झाली. त्या अंधारात सरांच्या बाहुल्या सुईच्या अग्राएवढ्या होत्या. ओठांच्या कडेला लाळ होती. सदरा भिजला होता. त्या वर्षी कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारा वर मारावा लागे आणि विष तोंडावर उतरे. शेजारच्या जमीरला दवाखान्यात नेले, तेव्हा डॉक्टरांनी बॅटरीच्या उजेडात असेच डोळे तिला दाखवले होते.

“सर, सकाळी फवारणीले गेलते?” तिने अगदी हळू विचारले.

“हळू बोला. मजुरीले जातो हे समजलं तं सगळ्यायचंच गेलं.” त्यांचा श्वास घरघरत होता. “थोडंच राह्यलं, मॅडम. पुरं होऊ द्या.”

ते वळले आणि पुढचे चित्र आले. तेही योग्यच होते.

सर आजारी आहेत, असे सांगावे तर कोणता आजार, हे त्या महिन्यात कुणाला विचारण्याची गरज नव्हती. हा पाठ पुढे चालवू शकेल असा दुसरा शिक्षक शाळेत नव्हता. सरांनी टेबलाची कड धरली.

अकीलाने भिंगावर हात ठेवला आणि ते शेवटपर्यंत फिरवले. पडद्यावरचा डोळा विरघळून गेला.

“यंत्र बिघडलं,” ती मोठ्याने म्हणाली. “पाठ थांबवावा लागेल.”

अध्यक्षांनी काही क्षण वाट पाहिली. मग ते उठले. “एवढ्या वर्षांत एक यंत्र धड चालवता येत नाही,” असे म्हणत ते भगवानरावांसोबत चहाला गेले. अकीलाने सरांना मागच्या दाराने बाहेर नेले आणि आपल्या गाडीवर मागे बसवले. प्रियंकाच्या ओढणीने त्यांना स्वतःच्या कमरेशी बांधून घेतले.

डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर उपाय नव्हता.

त्या आठवड्यातच निकाल आला. तंत्रज्ञानाचा वापर असमाधानकारक असल्याने शाळा अनुदानास अपात्र ठरली होती. अकीला दवाखान्यात गेली, तेव्हा सरांना ते कळलेले होते. ते उशीला टेकून बसले होते. डोळे आता निवळले होते. ती स्टुलावर बसली.

“सर, जीव वाचला, हे काय कमी आहे?” ती म्हणाली.

धम्मदीप सरांनी तिच्याकडे पाहिले. त्या दृष्टीत राग नव्हता, कृतज्ञताही नव्हती.

“मले चित्र दिसत नव्हतं, मॅडम,” ते म्हणाले. “पोरायले तं दिसत होतं न.”