एकशे वीस, ऐंशी

"बाळ फक्त तेराशे ग्रॅम," डॉक्टर म्हणाले आणि बाळंतिणीचं तपासणीचं कार्ड पुन्हा पाहू लागले. "कमाल आहे. शेवटच्या दोन्ही तपासण्यांना बीपी एकशे वीस, ऐंशी. आणि मग हिला एकदम झटके?"

कार्डावरचं अक्षर सिस्टरचं होतं. ती खाटेच्या पायथ्याशी उभी होती.

"आईचं बीपी वाढलं की बाळाला रक्त कमी पोचतं. मग वजन भरत नाही," एवढं सांगून डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले.

सासूबाईंनी ते लांब जायची वाट पाहिली. "बीपी तर चांगलं होतं. कार्डावरच लिहिलंय. मग बाळ असं काडीसारखं का? ताटातलं अर्धं टाकायची ही. मी कानीकपाळी ओरडत होते."

"मी जेवत होते, आई," बाळंतीण म्हणाली. इतकं दबकत, की तिचा तिलाच भरवसा नसावा.

बाळ पलीकडच्या खोलीत काचेच्या पेटीत होतं. चार दिवसांत तिने त्याला हात लावला नव्हता.

सिस्टरचे कान तापले. तपासणीच्या त्या दोन्ही सोमवारी दाराबाहेर पन्नास-साठ बायका खोळंबल्या होत्या. हिने सांगितलं होतं, डोकं ठणकतंय, अंगठी बोटातून निघत नाही. "आठव्यात व्हायचंच असं," म्हणत सिस्टरने आकडा लिहून टाकला होता. दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळलाच नव्हता.

आता निघून गेलं असतं तरी कुणाला कळणार नव्हतं.

"त्या जेवत होत्या," सिस्टर म्हणाली. "बीपी मी मोजलंच नव्हतं. दोन्ही वेळा. मनानेच लिहिलं."

"म्हणजे?" सासूबाईंना अर्थ लागायला वेळ लागला. मग त्यांचा आवाज चढला. "अहो, माणसं आहोत का कोण आहोत आम्ही!"

शेजारच्या खाटांवरच्या बायका उठून बसल्या. सिस्टरची मान वर होईना.

बाळंतीण कुशीवर वळली. तिने सिस्टरकडे पाहिलंच नाही. "ऐकलंत ना, आई? मी जेवत होते." या वेळी आवाज स्पष्ट होता.

पदर सावरत सासूबाई खिडकीकडे बघत राहिल्या.

"मी डॉक्टरांना सांगते," सिस्टर पुटपुटली.

"त्यांना सांगाच," बाळंतीण म्हणाली. "पण आमच्या ह्यांनाही सांगा. चार दिवस माझ्याशी बोललेले नाहीत ते. पाच वाजता येतात."

डॉक्टरांना सांगून झालं. सिस्टरची ड्यूटी दोनला संपली. तिने गणवेश बदलला, पिशवी घेतली, आणि वॉर्डाच्या दाराशी जो बाक होता, त्यावर येऊन बसली. येणारा-जाणारा प्रत्येक पुरुष तिला बाळंतिणीचा नवराच वाटत होता.