बंद पंखा

डब्यावर चमचा वाजवायचा, तो आवाज लॅपटॉपवर कापून-जोडून त्याचं संगीत करायचं, हा तिचा उद्योग. रेकॉर्डिंग करताना माइकला पंख्याची घरघर चालत नसे, म्हणून भर उन्हाळ्यात सगळं घर पंखा बंद करून बसायचं. वडील मानेवरचा घाम पुसत कुरकुरायचे, “तुझ्या टुकटुकीपायी आम्ही उकडून निघालो!” तिने गाणं पाठवलेल्या एकाही म्युझिक कंपनीने साधं उत्तर धाडलं नाही. “कानात बोळे घातलेत मेल्यांनी,” आई म्हणाली. शेवटी आज तिने गाणं स्वतःच इंटरनेटवर टाकलं. संध्याकाळपर्यंत ऐकणारे तिघे. त्यांतली एक मावशी. कामावरून आलेले वडील म्हणाले, “लाव बघू.” तिने बिचकतच फोनवर लावलं. पहिला चमचा वाजला आणि वडिलांनी उठून पंखा बंद केला. तिला हसू आलं. “बाबा, आत्ता रेकॉर्डिंग नाहीये!” “माहितेय,” घाम पुसत वडील खुर्चीत टेकले. “गप्प बस, नीट ऐकू दे.”