लिफ्ट बंद आहे

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो दम खायला टेकला, तेव्हा वर हजेरी सुरू झाली होती. चौथ्या मजल्यावरचा सरांचा आवाज जिन्यातून स्पष्ट खाली येत होता. त्याचं नाव आलं. त्याने तिथूनच ओरडून ‘हजर’ म्हणून पाहिलं. वर हशा पिकला आणि सर पुढच्या नावाकडे वळले.

लहानपणीच्या तापात त्याचा डावा पाय गेला होता. सपाटीवर, दोन कुबड्या काखेत असल्या, की तो कुणाला हार जात नसे. जिना मात्र त्याचा जीव काढायचा. एका हाताने कठडा धरायचा, दोन्ही कुबड्या दुसऱ्या बाजूला घ्यायच्या आणि अंग वर ओढायचं. विद्यापीठाच्या त्या इमारतीत लिफ्ट होती. ती चालू बघूनच त्याने प्रवेश घेतला होता. सत्र सुरू झालं आणि तिच्या दारावर ‘लिफ्ट बंद आहे’ अशी पाटी लागली, ती लागलीच.

तक्रार घेऊन तो बांधकाम विभागात गेला. लिफ्ट विजेवर चालते, तेव्हा ते काम विद्युत विभागाचं, असं तिथल्या हेडक्लार्कने समजावलं. विद्युत विभागाने इमारत बांधकामवाल्यांची म्हणून हात वर केले. दोघांनी मिळून त्याला कुलसचिवांकडे धाडलं. तिथली लिफ्ट चकाचक होती, आत आरसासुद्धा होता. साहेब बैठकीत होते. तो जाई तेव्हा ते बैठकीतच असत. निदान वर्ग तरी खाली हलवा, असं त्याने विभागप्रमुखांना विनवलं. त्यांना मनापासून वाईट वाटलं, पण वेळापत्रक मंजूर झालेलं होतं. बाकीच्यांच्या चपला झिजतात. त्याच्या कुबड्यांची रबरं झिजली.

शेवटी त्याच्या खोलीतल्या मित्राने डोकं चालवलं. वसतिगृहात त्याला सगळे वकील म्हणत, कारण वाद घातल्याशिवाय त्याला जेवण पचत नसे. हे लोक फक्त पेपरला भितात, असं वकिलाचं ठाम मत होतं. त्याने गावच्या दैनिकातला एक वार्ताहर गाठला. वार्ताहर भला माणूस होता. कोणता विभाग काय म्हणाला, ते त्याने बारकाईने विचारून घेतलं. मग फोटोसाठी जिना चढून दाखवायला सांगितलं. पहिला फोटो हलला म्हणून पुन्हा चढायला लावलं. चेहऱ्यावर घाम हवा होता, तो आपसूकच आला.

बातमी पहिल्या पानावर आली, चौकटीत. मथळा होता, ‘लिफ्ट बंद, जिद्द चालू!’ खाली रोज चार मजले हसत चढणाऱ्या तरुणाची कहाणी होती. विभागांचं नाव कुठेच नव्हतं. वकिलाने फोन लावला तेव्हा वार्ताहर ओशाळला. आपण सगळं लिहिलं होतं, पण सकाळी सकाळी लोकांना रडगाणं नको असतं असं संपादक म्हणाले, एवढंच तो सांगू शकला.

घरून आईचा फोन आला. तिने तो पेपर गल्लीभर फिरवला होता आणि आता कोण काय म्हणालं ते ती एकेक करून सांगत होती. तिला तो काय सांगणार? तो नुसता हूं हूं करत राहिला. जिन्यात मुलं बाजूला होऊन त्याला वाट देऊ लागली, कुणी टाळ्याही वाजवी. पूर्वी कुणी ना कुणी त्याची बॅग तरी घ्यायचं. आता बॅगेला हात लावला तर त्याचा अपमान होईल, असं सगळ्यांना वाटू लागलं.

मग कुलगुरूंनी त्याचा सत्कार ठेवला. मंचाच्या पायऱ्या तो टाळ्यांच्या गजरात चढला. सन्मानचिन्ह घेताना त्याने धीर करून हळूच लिफ्टचा विषय काढला. कुलगुरूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि कौतुकाने म्हणाले, “तुझ्यासारख्याला कशाला रे लागते लिफ्ट?”

त्यानंतर तो कुठल्याच कार्यालयात गेला नाही.

पुढच्या वर्षीचे प्रवेश सुरू झाले. एके दिवशी तो खालच्या पायरीवर बसून वर जायचं बळ गोळा करत असताना एक गृहस्थ लगबगीने त्याच्याकडे आले. मागून त्यांची मुलगी येत होती. तिच्या दोन्ही पायांना आधाराच्या लोखंडी पट्ट्या होत्या आणि कुबड्या टाकत ती सावकाश चालत होती. वडिलांनी त्याचा हात हातात घेतला आणि सोडेनात. ते सांगत होते, की बंद लिफ्ट बघून ते परतच निघाले होते. पण कार्यालयातल्या साहेबांनी टेबलाच्या काचेखालची त्याची बातमी दाखवली. मुलीला घराजवळच्या कॉलेजात, तळमजल्यावरच्या वर्गात जागा मिळाली होती. तो प्रवेश त्यांनी कालच रद्द केला होता.

“तुमच्यामुळे धीर आला बघा,” ते म्हणाले.

मुलगी त्याच्याकडे बघत नव्हती. ती मान वर करून जिना बघत होती. वळण, त्याच्यावर वळण, आणि त्याच्याही वर.

“दादा,” तिने हळूच विचारलं, “रोज खरंच जमतं?”

कार्यालयांच्या दारात वर्षभर अडकून राहिलेलं सगळं त्याच्या ओठांवर आलं. आज ते ऐकून घेणारं माणूस समोर उभं होतं. पण तिचे वडील आशेने त्याच्या तोंडाकडे बघत होते, आणि मागे फिरायला तिला आता जागा उरली नव्हती.

“जमतं की,” तो म्हणाला, आणि तिला दाखवायला म्हणून त्याने कठडा धरला.