दंडाचं नाटक

देशुन म्हाताऱ्याला पकडलं ते भर दुपारी, करवतीसकट. गावामागच्या राखीव रानातलं कापराचं झाड त्यानं जवळजवळ अर्धं कापलं होतं, आणि तेही पायवाटेला लागून असलेलं. चहाची पानं खुडून परतणाऱ्या बायकांनी त्याला तिथं घामाघूम झालेला पाहिलं आणि गावप्रमुख शीगुआंगला बोलावून आणलं.

त्याची बायको लियानझी अंगणात बांबूचे कोंब सोलत होती. बातमी ऐकून तिनं सुरी खाली ठेवली. या वयात नवऱ्याला ही अवदसा का आठवावी, तिला कळेना. घरात सरपण नव्हतं असंही नाही. आणि झाड तरी कसलं, वीज पडून केव्हाच वाळलेलं.

रानाच्या तोंडाशी एक जुना दगड उभा आहे. इथलं झाड जो तोडील त्यानं गावाला नाटक दाखवावं आणि नाटकमंडळीला आपल्या घरी उतरवावं, असं त्यावर कोरलंय. मधली बरीच वर्षं तो दगड डुकरांच्या खुराड्याची पायरी होऊन पडला होता. गेल्या हिवाळ्यात पंचांनी तो धुऊन पुन्हा उभा केला, आणि आता त्याचा धाक दाखवायची संधी आयती चालून आली होती.

संध्याकाळी पंच पूर्वजांच्या देवळात बसले. लियानझी खांबाआड उभी राहिली. नऊ वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक मुलगी वानछिंग एका नाटकमंडळीबरोबर निघून गेली, तेव्हा देशुननं इथंच, पूर्वजांच्या नावाच्या पाट्यांसमोर शपथ घेतली होती. माझ्या तोंडून तिला बोलावणं जाणार नाही आणि माझ्या हातानं तिला दार उघडणार नाही. ती शपथ अख्ख्या गावानं ऐकली होती. त्या दिवसापासून घरात मुलीचं नाव निघालं नव्हतं. मागच्या महिन्यात कापडवाला सांगून गेला, की वानछिंग आता छिंगफेंग मंडळीत राणीचं काम करते, तिला चार वर्षांची मुलगी आहे. देशुन तिथंच बांबूच्या कामट्या तासत होता. त्यानं मानही वर केली नाही. लियानझीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. पूर्ण अंधार व्हायच्या आत लेकीचं तोंड दिसावं, एवढंच तिचं मागणं होतं, आणि ते मागायचीही सोय नव्हती.

देशुननं गुन्हा लगेच कबूल केला, पण दंडावरून घासाघीस सुरू केली. शेजारच्या गावात हल्ली दंड म्हणून सिनेमा दाखवतात, आपणही पडदा लावू, असं तो म्हणाला.

"दगडावर सिनेमा कोरलाय का रे?" शीगुआंगनं विचारलं. देऊळभर हशा पिकला.

मग देशुन म्हणाला, की नाटक तर नाटक, पण मंडळी मी निवडीन. पंचांनी तेही ऐकलं नाही. तेव्हा तो उठून उभा राहिला आणि हात जोडले.

"कुणालाही आणा. फक्त ती छिंगफेंग मंडळी नको. मी तुमच्या पाया पडतो."

शीगुआंग आणि देशुन लहानपणापासून एकमेकांना पाण्यात पाहत आलेले. गावप्रमुखानं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग खांबाआडच्या लियानझीकडे, आणि सावकाश चिलीम झाडली.

"तुला नको ना? मग तीच येईल. आणि दार तू उघडू नकोस, बाबा. ते उघडायला पंच येतील."

लियानझी खांबाचा आधार घेऊन खाली बसली आणि मनातल्या मनात शीगुआंगच्या सात पिढ्यांना दुवा देत राहिली.

घरी आल्यावर देशुन चुलीपाशी बसला. पाहुण्यांसाठी माळा आवरायला ती वर गेली, तर माळा झाडलेला, रजयांना ऊन दाखवून घड्या घातलेल्या. उंदीर झाले होते, असं तो खालून पुटपुटला. कोपऱ्यात बांबूची एक बुटकी खुर्ची होती. लियानझीला तिची ठेच लागली. बाजारात विकायला केली होती, कुणी घेतली नाही, असं तो म्हणाला.

पाचव्या दिवशी सामानाच्या पेट्या लादलेला ट्रॅक्टर गावात शिरला. देशुन दाराकडे पाठ करून अंगणात बसला. शीगुआंगनं दार ढकललं.

"मी उघडलंय हं, देशुन. तुझा हात लागलेला नाही. पूर्वज बघतायत."

आधी ढोल आत आले, मग पेट्या, आणि सगळ्यांच्या मागून वानछिंग. तिनं मुलीचं बोट धरलं होतं. लियानझी अगदी जवळ गेली, त्याशिवाय तिला दिसत नसे, आणि दोन्ही हातांनी लेकीचं तोंड चाचपत राहिली. किती वाळलीस, एवढंच तिला म्हणता आलं. वानछिंग म्हणाली, की आई, अगं, मी जाडी झालेय, राणीचे कपडे दोनदा उसवून घेतले. मग दोघी एकदम हसायला आणि रडायला लागल्या.

देशुन उठला. माळ्यावरून ती खुर्ची आणून त्यानं नातीसमोर ठेवली आणि तो चुलीकडे गेला. पोर खुर्चीवर बसली. तिचे पाय बरोबर जमिनीला टेकले.

मंडळी देवळात रंगमंच बांधायला गेली तेव्हा लियानझी भाताचं आधण ठेवायला आली. आज नऊ वर्षांनी तिला मोकळा श्वास घेता येत होता. नवऱ्याला चार शब्द ऐकवावेत असंही तिला वाटत होतं.

"शीगुआंगचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही तर पाया पडत होतात, ती नको म्हणून."

देशुननं चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

"त्याचे कसले उपकार? सकाळपासून करवत ओढत होतो, मुद्दाम पायवाटेवर. भर दुपार झाली, हात गळून गेले, पण मेलं कुणी पकडायला येईल तर शपथ!"