बायकांच्या बाजूचा कॅमेरा

बिरादरीतल्या लग्नात बायकांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर चालत नाही, म्हणून शाहबाजच्या फैजपूरच्या स्टुडिओची मदार त्याच्या धाकट्या बहिणीवर, तबस्सुमवर होती. अवजड कॅमेरा उचलून तिचं मनगट कामातून गेलं होतं. आज भावानं तिला जळगावच्या दुकानात आणलं, दुकानदाराला दोन छोटे, हलके मिररलेस कॅमेरे काढायला लावले. “तुझ्या हातानं निवड.” हरखून तिनं दोन्हींनी त्याचाच फोटो काढला. पहिल्यात चेहरा पिवळा पडला, दुसऱ्यात जसाच्या तसा उतरला. दुसरा मुठीतही चपखल बसला. “ताईंना घेताय?” दुकानदारानं विचारलं. “छे, बायकोसाठी. ही ईदनंतर धुळ्याला सासरी चालली. दोघींचे हात सारखेच, म्हणून हिला आणलं. तबस्सुम, जाण्याआधी भाभीला सगळं शिकव.” तिनं दुसरा कॅमेरा हळूच मागं सरकवला. “पहिला घ्या, भाईजान.” शाहबाजनं लगेच मान डोलावली, तिच्या नजरेवर त्याचा पूर्ण भरवसा होता.