विसाव्या पानाच्या आत

मी एकशे चाळीस रहस्यकादंबऱ्या लिहिल्या. प्रत्येकीची पहिली प्रत माझ्या बायकोची, कुमुदची. वाचून झाली की ती डोळे मोठे करून म्हणायची, "अगबाई, हा होता होय खुनी! मला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही हो." त्या एका वाक्याच्या जोरावर मी पुढची लिहायला घ्यायचो.

ती गेल्यावर तिचं पुस्तकांचं कपाट मी चिंचणीच्या वाचनालयाला देऊन टाकलं. आठ दिवसांनी तिथली ग्रंथपाल रूपाली चार पुस्तकं पिशवीत घालून घरी आली.

"सर, प्रत्येक पुस्तकात विसाव्या पानाच्या आत कुणीतरी पेन्सिलीने एक नाव लिहिलंय. खोडून टाकू का? वाचणाऱ्याची मजाच जाते."

"कुणाचं नाव?"

"खुन्याचं. एकदाही चुकलेलं नाही."

मी पुस्तक उघडलं. अक्षर कुमुदचं होतं.

मागच्या वर्षी बोईसरहून तिचा रिपोर्ट खिशात दडवून मी घरी आलो होतो. दारातच तिला म्हणालो होतो, "काही नाही गं, नुसता अशक्तपणा आहे."

तेव्हाही तिने डोळे मोठे केले होते.

"अगबाई, आणि मी उगीच घाबरले होते हो!"